गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ : पाने जतन करण्याची आणि सर्व्हरवर चढवण्याची मांडणी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत मोडतात. पुढील मार्गदर्शन त्यांपैकी ‘ड’ वर्गातील, म्हणजे गावात एका-दोन खोल्यांत चालणाऱ्या आणि एकाच संगणकावर सारा कारभार असलेल्या वाचनालयाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. उदाहरणे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यातली आहेत. नव्या पुस्तकांची यादी, मंडईच्या (दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेच्या) रात्री होणाऱ्या नाटकाची सूचना, गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची माहिती आणि लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो, एवढाच या संकेतस्थळाचा पसारा आहे. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यायचे आहे आणि लाइन, म्हणजे वीज, केव्हाही जाऊ शकते, हेही गृहीत धरलेले आहे.

यासाठी सीमंकी या मोफत सॉफ्टवेअरमधील कंपोझर हा पान-संपादक घेतला आहे. सीमंकी हे मोझिलाच्या घराण्यातले असून त्यात ब्राउझर आणि कंपोझर एकत्र येतात. ते विंडोजवर चालते तसेच लिनक्सवरही चालते आणि ज्याला वर्डमध्ये अर्ज टाइप करता येतो त्याला कंपोझर समजायला वेळ लागत नाही. त्यातून तयार होणारी पाने दिसायला जुन्या धाटणीची असतात, हे खरे आहे. परंतु ऑनलाइन संकेतस्थळ बनवून देणाऱ्या सेवांत नेट गेले की काम तिथेच थांबते, आणि इथे नेट नसतानाही पूर्ण पान तयार करून ठेवता येते. आपल्या भागात हा फरक मला दिसण्यापेक्षा मोठा वाटतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. पान जतन करणे आणि पान सर्व्हरवर, म्हणजे नेटला सतत जोडलेल्या आणि वाचकांना पान पुरवणाऱ्या दूरच्या संगणकावर, चढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जतन केलेले पान फक्त आपल्या संगणकावर असते. चढवलेले पान ही त्याची नक्कल असते. मूळ प्रत नेहमी वाचनालयाच्या संगणकावर राहील, दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीत होईल आणि सर्व्हरवर जाऊन थेट काहीही बदलले जाणार नाही, असा शिरस्ता पाळला तर पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. खाली सांगितलेली सगळी मांडणी या एका शिरस्त्यासाठी आहे.

फोल्डर आणि फाइलींची नावे

कंपोझर उघडण्यापूर्वी ‘डी’ ड्राइव्हवर संकेतस्थळासाठी स्वतंत्र फोल्डर करावे. ते डेस्कटॉपवर किंवा ‘सी’ ड्राइव्हवर ठेवू नये, कारण विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की तालुक्याच्या दुकानात सर्वांत आधी तोच ड्राइव्ह साफ केला जातो. या फोल्डरला ‘साइट’ असे नाव रोमन लिपीत द्यावे आणि त्याच्या आत फोटोंसाठी एक उपफोल्डर करावे. मोबाइलमधून आलेले मूळ फोटो, नाटकाच्या जाहिरातीचे कच्चे मजकूर, सभासदांची दूरध्वनी क्रमांकांसह नोंदवही, अनुदानाची कागदपत्रे हे सर्व या फोल्डरच्या बाहेर, दुसऱ्या फोल्डरात असावे. चढवणारे सॉफ्टवेअर ‘साइट’मध्ये जे असेल ते निमूटपणे उचलून सर्व्हरवर नेते, त्यात सभासदांच्या आधार कार्डाची प्रत होती काय, हे ते विचारत नाही.

फाइलींची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावीत आणि दोन शब्दांमध्ये आडवी रेघ वापरावी. हे शोभेसाठी नाही. विंडोज मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद करत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्स तो भेद काटेकोरपणे करते. मोबाइलमधून आलेल्या फोटोच्या नावातील ‘जेपीजी’ ही अक्षरे मोठी असतील आणि पानात ती लहान लिहिली गेली असतील, तर वाचनालयाच्या संगणकावर फोटो दिसतो आणि सर्व्हरवर चढवल्यावर त्याच्या जागी रिकामी चौकट उरते. देवनागरीत नाव देण्याचा मोहही आवरावा. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे ‘तलाव’ या त, ल, काना आणि व अशा चार चिन्हांच्या शब्दाचा पत्त्यात छत्तीस खुणांचा डोंगर होतो. असा पत्ता कोणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला की तो पत्ता आहे हेच ओळखू येत नाही.

मुख्य पानाचे नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’ हेच असले पाहिजे, कारण संकेतस्थळाचा नुसता पत्ता टाकला की सर्व्हर आपणहून याच नावाची फाइल शोधतो. विंडोज फाइलीच्या नावातील शेवटचा भाग लपवून ठेवते, त्यामुळे ‘इंडेक्स.एचटीएमएल’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’ असू शकते. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था एकदाच करून टाकावी.

कंपोझरमध्ये जतन करण्याची मांडणी

सीमंकीच्या ‘एडिट’ मेनूत ‘प्रेफरन्सेस’ उघडून डाव्या यादीत ‘कंपोझर’ निवडावे. तिथे जतन करताना किंवा प्रकाशित करताना काय घडावे, याबद्दलचे पर्याय असतात. एका पर्यायात पानाची मूळ एचटीएमएल (वेबपान ज्या भाषेत लिहिलेले असते तिची) मांडणी आहे तशी राखायची, की कंपोझरने ती स्वतःच्या पद्धतीने नव्याने लावायची, हे ठरवायचे असते. पाने फक्त कंपोझरमध्येच बनणार असतील तर यातला कोणताही पर्याय चालतो. पण एखाद्या शिक्षकाने किंवा गावाबाहेर शिकणाऱ्या मुलाने हाताने लिहिलेले पान आपल्याकडे आले असेल तर मूळ मांडणी राखण्याचाच पर्याय ठेवावा. नाहीतर त्याने नीट लावलेल्या ओळी विस्कटतात आणि पुढच्या सुटीत तो घरी आला की त्याला स्वतःचेच पान ओळखू येत नाही.

दुसरा पर्याय पानाबरोबर त्यातील चित्रे आणि इतर संलग्न फाइलीही जतन कराव्यात की नाही, याविषयी आहे. तो चालू असेल तर ‘सेव्ह ॲज’ करताना पानातील सर्व चित्रे पानाच्याच जागी उतरतात; बंद असेल तर फक्त पानाची फाइल जतन होते. आपल्या मांडणीत फोटो आधीच ‘साइट’मधील उपफोल्डरात ठेवलेले असतात, त्यामुळे हा पर्याय बंद ठेवणे बरे, चालू राहिल्यास प्रत्येक फोटोच्या दोन प्रती होतात आणि सर्व्हरवर कोणती प्रत दिसते आहे हे कळेनासे होते.

तिसरा पर्याय प्रकाशित करताना दर वेळी चौकट दाखवण्याचा आहे. कंपोझरमधून थेट चढवायचे असेल तर तो चालूच ठेवावा. सर्व्हरवर त्याच नावाचे पान आधीपासून असले तर कंपोझर न विचारता त्यावर नवे पान लिहितो, आणि ते परत मिळवण्याची सोय नाही. चौकट उघडली की निदान फाइलीचे नाव आणि जागा एकदा नजरेखालून जाते.

आता फोटो. नवे पान उघडले की त्यात काहीही टाकण्यापूर्वी ते ‘साइट’ फोल्डरात जतन करावे. कंपोझर त्या वेळी पानाचे शीर्षक विचारतो, ते देवनागरीत खुशाल द्यावे. त्यानंतरच चित्र घालण्याची चौकट उघडावी. त्या चौकटीत चित्राचा पत्ता पानाच्या जागेच्या संदर्भात लिहिला जावा, असा एक चौकोन असतो आणि पान एकदा जतन झाल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. या चौकोनात खूण केली नाही तर पानात चित्राचा पत्ता ‘डी’ ड्राइव्हपासून लिहिला जातो. वाचनालयात बसून पाहिले तर पान उत्तम दिसते, कारण ‘डी’ ड्राइव्ह त्याच संगणकात आहे; नागपूरला बसलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये तो ड्राइव्ह कुठून येणार? ‘माझ्याकडे दिसते, दुसऱ्याकडे दिसत नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे मूळ आहे. पान तयार झाले की ‘व्ह्यू’ मेनूतून एचटीएमएल स्रोत उघडून त्यात ‘फाइल’ या शब्दाने किंवा ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होणारा पत्ता कुठे राहिला आहे काय, हे शोधावे.

त्याच चौकटीत चित्राऐवजी वाचायचा मजकूर विचारला जातो. ‘मामा तलाव, पावसाळ्यातील दृश्य’ असे चार शब्द तिथे लिहावेत. नेट मंद असलेल्या वाचकाला फोटो येण्याआधी तेच दिसतात, आणि दृष्टिहीन वाचकाचे सॉफ्टवेअर तेच वाचून दाखवते.

फोटो पानात घालण्याआधीच लहान करावेत. मोबाइलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. चार एमबीचे वीस फोटो म्हणजे ऐंशी एमबी, आणि सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने ते चढायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तोही नेट मध्ये न तुटल्यास. विंडोजच्या पेंटमध्ये रुंदी बाराशे पिक्सेल करून जतन केल्यास फोटो साधारण दोनशे केबीच्या आसपास येतो आणि तेच वीस फोटो अर्ध्या-पाऊण मिनिटात चढतात. लहान केलेली प्रतच ‘साइट’मध्ये ठेवावी, मूळ फोटो बाहेरच्या फोल्डरात तसाच राहू द्यावा.

अक्षरे, आणि छापखान्यातून आलेला मजकूर

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या याच पट्ट्यात, मंडईचा हंगाम सुरू होतो आणि नाटकाच्या जाहिरातीचा मजकूर नाटक मंडळ्यांचे केंद्र असलेल्या वडशाहून किंवा जवळच्या तालुक्यातील डीटीपीवाल्याकडून पेनड्राइव्हवर येतो. तो बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो. या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसते मराठी, पण फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. असा मजकूर पानात चिकटवला की ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाचकाला, निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. फॉन्ट सोबत द्यावा, किंवा जाहिरातीचा फोटो लावून मोकळे व्हावे, हे दोन्ही उपाय सुचवले जातात. पहिला मोबाइलवर निभत नाही आणि दुसऱ्यात मजकूर शोधता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घेणे हाच खरा मार्ग आहे.

बदल करून देणारी साधने मिळतात, पण त्यांचा निकाल वाचून घ्यावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलट, तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा र अक्षराच्या आधी असतो. साध्या शब्दांत साधन ही अदलाबदल बरोबर करते. जोडाक्षर आले की गडबडते. म्हणून ‘स्थिती’, ‘कार्यक्रम’, ‘दिग्दर्शक’, ‘आशीर्वाद’ असे शब्द मुद्दाम तपासावेत. मराठीतला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हिंदीसाठी बनवलेल्या साधनांना बहुधा कळत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे शब्द तिथे हमखास मोडतात. आकडेही पाहावेत, कारण नाटकाच्या तिकिटाचा दर बदलून गेला तर भांडण वाचनालयाच्या दारात येते.

युनिकोड मजकूर पानात आला तरी पान यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात जतन झाले पाहिजे आणि पानाच्या शीर्षभागात तसे सांगणारी ओळ असली पाहिजे. कंपोझरच्या ‘फाइल’ मेनूत अक्षरसंकेतन बदलून जतन करण्याची वेगळी आज्ञा आहे. तिथे यूटीएफ-८ निवडून एकदा जतन केले की ती ओळ पानात लिहिली जाते. नोटपॅडमध्ये पान हाताने दुरुस्त करत असाल तर विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड नव्या फाइली यूटीएफ-८ मध्येच जतन करते. त्याआधीच्या विंडोजवर मात्र ‘सेव्ह ॲज’च्या चौकटीत खाली ते निवडावे लागते. हे राहून गेले तर सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत बदलतो. तसे जतन होऊन फाइल बंद झाली की मूळ अक्षरे त्या फाइलीत उरतच नाहीत, त्यामुळे नोटपॅडने इशारा दिला की तो वाचल्याशिवाय ‘ओके’ दाबू नये.

सर्व्हरकडून लागणारी माहिती

होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवर संकेतस्थळासाठी भाड्याने मिळणारी जागा, घेतल्यावर मिळालेल्या ईमेलमधून चार गोष्टी काढून वहीत लिहून घ्याव्यात: सर्व्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि संकेतस्थळाच्या फाइली ठेवायचे फोल्डर. शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. बऱ्याच सर्व्हरवर या फोल्डरचे नाव ‘पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल’ असे असते, काही ठिकाणी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ किंवा ‘एचटीडॉक्स’ असते. त्याच्या बाहेर चढवलेली फाइल सर्व्हरवर असते, पण कोणालाही दिसत नाही. उलट, काही खात्यांत आत शिरताच आपण थेट त्या फोल्डरातच उतरतो; तिथे आणखी एक त्याच नावाचे फोल्डर करून त्यात सगळे टाकले तर संकेतस्थळाचा पत्ता उघडल्यावर रिकामे पान किंवा होस्टिंगवाल्याचे स्वागताचे पान दिसत राहते.

कंपोझरच्या ‘एडिट’ मेनूत ‘पब्लिशिंग साइट सेटिंग्ज’ आहे, तिथे ही माहिती भरता येते. त्यात दोन पत्ते मागितले जातात आणि त्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. प्रकाशनाचा पत्ता म्हणजे फाइली जिथे पोचवायच्या ती जागा, तो ‘एफटीपी’ने (सर्व्हरवर फाइली नेण्याच्या पद्धतीच्या नावाने) सुरू होतो आणि त्याच्या शेवटी वर सांगितलेले फोल्डर येते. एचटीटीपी पत्ता म्हणजे वाचक ब्राउझरमध्ये टाकतो तो. प्रकाशनाच्या चौकटीत चित्रे पानाच्याच जागी ठेवायची की एखाद्या उपफोल्डरात, हेही विचारले जाते. तिथे आपल्या संगणकावरील फोटोंच्या उपफोल्डराचेच नाव लिहावे.

असे असले तरी कंपोझरमधून थेट चढवण्याचा सल्ला मी देत नाही. एफटीपी ही फार जुनी पद्धत आहे. तिचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभय भूषण यांनी १९७१ साली एमआयटीत असताना लिहिला, आणि त्या काळी जाळ्यावर कोणी पासवर्ड चोरेल ही भीती नव्हती. साध्या एफटीपीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली, आणि पुष्कळ सर्व्हर आता साधे एफटीपी स्वीकारतच नाहीत. कंपोझरने पान जतन करावे आणि चढवण्याचे काम फाइलझिला या मोफत सॉफ्टवेअरकडे सोपवावे, ही वाटणी मला जास्त भरवशाची वाटते.

फाइलझिलाची मांडणी

‘फाइल’ मेनूतील ‘साइट मॅनेजर’ उघडून नवी नोंद करावी आणि तिला वाचनालयाचे नाव द्यावे. ‘प्रोटोकॉल’मध्ये सर्व्हर देत असेल तर एसएफटीपी (पासवर्ड आणि फाइली गुप्त रूपात नेणारी पद्धत) निवडावे, त्याचे पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, २२ असते. देत नसेल तर एफटीपी ठेवून खाली एन्क्रिप्शनमध्ये (माहिती गुप्त करण्याच्या पर्यायात) ‘रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’ निवडावे. त्याचे पोर्ट २१. सर्व्हरच्या जागी होस्टिंगवाल्याने दिलेले नाव जसेच्या तसे लिहावे. स्वतःच्या संकेतस्थळाचे नाव लिहिले तरी जोडणी होते, पण सर्व्हरचे प्रमाणपत्र होस्टिंगवाल्याच्या नावावर असले तर नावे जुळत नाहीत असा इशारा येतो. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरची ओळख मान्य करायची काय, असा प्रश्न येतो. तो एकदाच यायला हवा. काही महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा आला तर मान्य करण्याआधी होस्टिंगवाल्याला विचारावे.

‘लॉगऑन टाइप’मध्ये पासवर्ड दर वेळी विचारण्याचा पर्याय ठेवावा. वाचनालयाच्या संगणकावर स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरणारी मुलेही बसतात, आणि जतन केलेला पासवर्ड सर्वांचाच होऊन बसतो.

त्याच नोंदीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये आपल्या बाजूचे फोल्डर म्हणून ‘साइट’ आणि सर्व्हरच्या बाजूचे फोल्डर म्हणून वर लिहून घेतलेले नाव भरावे, आणि दोन्ही बाजूंची फोल्डरे एकत्र हलण्याचा तसेच त्यांची तुलना दाखवण्याचा पर्याय चालू करावा. मग जोडणी होताच डावीकडे वाचनालय आणि उजवीकडे सर्व्हर समोरासमोर येतात; फक्त एका बाजूला असलेल्या फाइली पिवळ्या दिसतात, दोन बाजूंत फरक असलेल्या फाइली वेगळ्या रंगात. तुलना फाइलीच्या आकारावरून नको, बदलाच्या वेळेवरून करावी. सूचनेत मंडईची तारीख १२ ची १३ केली तर फाइलीचा आकार एका बाइटनेही बदलत नाही, आणि आकार पाहणारी तुलना दोन्ही पाने एकच आहेत असे सांगते.

‘ट्रान्सफर सेटिंग्ज’मध्ये पॅसिव्ह पद्धत निवडावी, म्हणजे प्रत्येक जोडणी आपल्याच संगणकाकडून सुरू होते. मोबाइलच्या नेटवर सर्व्हरला आपल्या संगणकापर्यंत उलट जोडणी करता येत नाही, त्यामुळे ॲक्टिव्ह पद्धतीत लॉगिन होते, पण फाइलींची यादी येत नाही आणि पडदा तसाच अडकून बसतो. एका वेळच्या जोडण्या एक-दोनवर आणाव्यात. मंद नेटवर अनेक फाइली एकदम पाठवल्या की एकही धड पोचत नाही. ‘एडिट’ मेनूतील ‘सेटिंग्ज’मध्ये पुनःप्रयत्नांची संख्या वाढवून ठेवावी. फाइल आधीच सर्व्हरवर असेल तेव्हा काय करायचे, तिथे आपली फाइल नवी असेल तर तिने जुनी बदलावी, हा पर्याय निवडावा.

या पर्यायात एक खोच आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल तर लाइन जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्या स्थितीत आज दुरुस्त केलेली फाइल सर्व्हरवरील फाइलीपेक्षा जुनी ठरते, आणि फाइलझिला ती मुकाट्याने वगळते. काम सुरू करण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती चुकत असेल तर सेल बदलून घ्यावा, तो फार महाग नसतो.

चढवणे आणि पाहणे

चढवताना क्रम पाळावा: आधी फोटो, नंतर आतली पाने, सर्वांत शेवटी ‘इंडेक्स’. मध्येच लाइन गेली तर जुने मुख्य पान जागेवर असते आणि वाचकाला मोडलेला दुवा दिसत नाही. क्रम उलटा झाला तर मुख्य पानावर ‘तान्हा पोळा’ झळकतो आणि दाबले की ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही, असा आकडा येतो. नेट तुटल्यावर राहिलेल्या फाइली फाइलझिलाच्या खालच्या बाजूला अयशस्वी फाइलींच्या यादीत दिसतात. तिथून त्या पुन्हा रांगेत लावता येतात. पान अर्धवट गेले असल्यास उरलेला भाग जोडण्याऐवजी ते संपूर्ण नव्याने पाठवावे, फाइल लहानच असते.

तपासणी वाचनालयाच्या संगणकावर करू नये. दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, पत्ता हाताने टाकून पाहावे आणि प्रत्येक दुवा दाबावा. जुनेच पान दिसत असेल तर संगणकावर कंट्रोलसह एफ५ दाबावे, म्हणजे ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून नवी मागवतो.

अडचण आली तर फाइलझिलाच्या वरच्या भागात येणारा आकडा वाचावा, कारण होस्टिंगवाल्याला फोन केल्यावर तो पहिल्यांदा तेच विचारतो. ५३० म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. काही सर्व्हरवर वापरकर्त्याच्या नावात संकेतस्थळाचे नावही जोडावे लागते, ते सुटलेले असते. ४२५ म्हणजे फाइल पाठवण्यासाठीची दुसरी जोडणी उघडली नाही, तेव्हा पॅसिव्ह पद्धत तपासावी. ५५० आला तर त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाही किंवा फोल्डरच नाही. ५५२ म्हणजे घेतलेली जागा भरली, आणि बहुधा कोणीतरी मूळ फोटो लहान न करता चढवलेले असतात. ब्राउझरमध्ये ४०३ (पाहण्याची परवानगी नाही) दिसत असेल तर सर्व्हरवर फाइलीवर उजवे बटण दाबून परवानग्या पाहाव्यात. साध्या पानाला ६४४ आणि फोल्डरला ७५५ असते. ७७७ देऊन टाका, असा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. त्यात कोणालाही लिहिण्याची मोकळीक मिळते.

दर महिन्याच्या शेवटी ‘साइट’ फोल्डराची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावून न ठेवता कपाटात ठेवावा. होस्टिंगचे खाते आणि संकेतस्थळाचे नाव वाचनालयाच्या ईमेलवर नोंदवावे, ज्या मुलाने ते घेतले त्याच्या खासगी ईमेलवर नको. नोकरी लागून तो पुण्याला गेला की नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच मोबाइलवर जात राहतात. सर्व्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव, फोल्डर, प्रोटोकॉल, पोर्ट आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या वहीत लिहावी, आणि पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे द्यावा.